साखर मोजणारी यंत्रे आणि टाइप १ मधुमेह्याचे मन

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि शरीर आपोआप करत असलेले काम माणसाला रोज स्वतः करावे लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तोवर जीवघेणा असलेला हा आजार त्यानंतर जन्मभर सांभाळण्याचा झाला. मात्र किती इन्सुलिन घ्यायचे हे ठरवायला रक्तातली साखर कळायला हवी, आणि ती घरच्या घरी कळायला पुढे जवळजवळ अर्धशतक जावे लागले. या आजाराने मनावर टाकलेल्या ओझ्याचा इतिहास बराचसा या मोजणीचाच इतिहास आहे.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ओळखीचे असलेले बेनेडिक्टचे निळे द्रावण त्या काळी अमेरिकेतल्या मधुमेह्यांच्या घरात असे. परीक्षानळीत ५ मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे ८ थेंब टाकायचे आणि उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरी झाला तर साखर भरपूर. १९४१ मध्ये क्लिनिटेस्टची गोळी आली. ती नळीत टाकली की द्रव स्वतःच उकळे, शेगडी पेटवावी लागत नसे. सोय झाली, पण मूळ अडचण तशीच राहिली. रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. निळा रंग म्हणजे साखर ९० असू शकते आणि ४०सुद्धा. ९० म्हणजे सगळे ठीक. ४० म्हणजे घाम, थरथर, भ्रम आणि कदाचित बेशुद्धी. पथ्य काटेकोर पाळणाऱ्याला जो रंग दिसे, तोच रंग रात्री झोपेत साखर कोसळण्याच्या बेतात असलेल्यालाही दिसे. म्हणून कोणी मुद्दामच साखर थोडी चढी ठेवी, आणि सकाळी नारिंगी रंग पाहून खजील होई.

या खजील होण्याला वैद्यकानेही हातभार लावला. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी रुग्णांना स्वतःची तपासणी आणि स्वतःचे उपचार शिकवले. त्यांचे हे ऋण मोठे आहे. आजारासह दीर्घकाळ निरोगी जगलेल्यांना ते पदकेही देत. पण शिस्तीच्या या गौरवातून ‘साखर चांगली तर माणूस चांगला’ हे समीकरण रुजायला मदत झाली. मराठी घरात आजही साखर वाढली की पहिला प्रश्न येतो, ‘पथ्य मोडलंस ना?’ ताप, ताण, अपुरी झोप, पाळी यांनीही साखर वर जाते, हे त्या प्रश्नात कुठेच नसते.

रक्ताची तपासणी घरात आणणाऱ्यांत एक रुग्णच पुढे होता. रिचर्ड बर्नस्टाइन हे अमेरिकी अभियंते वयाच्या १२ व्या वर्षापासून मधुमेही होते. १९६९ च्या सुमारास त्यांनी एम्स कंपनीच्या नव्या मीटरची जाहिरात पाहिली. किलोभराहून जड आणि महाग असलेले हे यंत्र फक्त डॉक्टरांना विकले जाई. त्यांची पत्नी डॉक्टर होती; तिच्या नावावर त्यांनी ते मागवले. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, एक मिनिट थांबायचे, पट्टी पाण्याने धुवायची आणि यंत्रात वाचायची. आपली साखर दिवसभरात किती हेलकावे खाते हे त्यांना प्रथमच दिसले. त्यांचे लेख वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारले, तेव्हा पंचेचाळिशीत ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. दरम्यान १९७८ मध्ये लंडन आणि नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी घरच्या रक्ततपासणीचे अनुभव ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. साखर सुधारली होती, आणि लघवीपेक्षा ही तपासणी रुग्णांना पसंत पडली होती. त्याच सुमारास लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाचे प्रयोगही झाले.

१९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष आला. दिवसातून किमान चार वेळा साखर तपासून आणि इन्सुलिन जुळवून घेऊन ती काबूत ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी बरीच टळते. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले होते. आंधळे होण्याची भीती कमी झाली आणि बेशुद्ध होण्याची वाढली. उपचाराचा दंडक आता कडक झाला. तो रोज पेलणाऱ्याच्या मनाचे काय, हे विचारण्याची पद्धत मात्र नुकतीच आकार घेत होती. साखर उतरण्याच्या भीतीची प्रश्नावली १९८७ मध्ये तयार झाली होती. १९९५ मध्ये विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी २० प्रश्नांची दुसरी प्रश्नावली मांडली. तिच्यातून दिसणारी अवस्था, म्हणजे मधुमेहाचा ताण, नैराश्याहून वेगळी आहे. तिचे मूळ मधुमेह रोज सांभाळण्यात असते: सुट्टी नसलेले काम, चुकल्याचा अपराधभाव, घरच्यांची टोकाटोकी, पुढे काय होईल याची धास्ती.

सतत साखर मोजणारा त्वचेखालचा सेन्सर १९९९ मध्ये आला. सुरुवातीला तीन दिवसांची नोंद डॉक्टरच नंतर वाचत. रुग्णाला आकडा दिसत नसे. २००५-०६ पासून तो प्रत्यक्ष दिसू लागला, दर पाच मिनिटांनी नवा, पुढे वर की खाली हे सांगणाऱ्या बाणासह. रात्री साखर उतरली तर यंत्र जागे करील, या भरवशावर अनेकांना शांत झोप मिळाली. रोज अनेक इंजेक्शने घेणाऱ्या १५८ प्रौढांच्या २०१७ मधल्या अमेरिकी अभ्यासात सेन्सर लावणाऱ्यांचा मधुमेहाचा ताण घटला आणि उतरत्या साखरेला तोंड देण्याचा विश्वास वाढला. एकूण मनःस्वास्थ्यात मात्र फरक दिसला नाही. यंत्र हलके करते ते मधुमेहाचे ओझे. आयुष्यातली बाकीची दुःखे त्याच्या आवाक्यात नसतात.

शिवाय सेन्सर स्वतःचे काही मागतो. बैठकीत शिटी वाजते आणि सगळे वळून पाहतात. दंडावरची चकती बाहीबाहेर दिसते, आणि जे सांगायचे नव्हते ते सांगावे लागते. आकडे कुटुंबीयांच्या फोनवरही जातात. एकट्या राहणाऱ्याला तो मोठा आधार असतो. पण जेवणानंतर तासाभरात ‘आत्ता काय खाल्लंस?’ असा फोन आला की त्याच आधाराची पाळत होते. आलेख सतत बघून वर जाणाऱ्या रेषेवर इन्सुलिनमागून इन्सुलिन घेणारेही असतात, आणि मग साखर कोसळते. कोणी इशारे कायमचे बंदच करून टाकतात.

सेन्सरच्या आकड्यांवरून इन्सुलिन पंप आपोआप चालवण्याची कल्पना कंपन्यांआधी काही रुग्णांनी घरी अमलात आणली. अमेरिकेतल्या डेना लुइस यांना झोपेत सेन्सरचा इशारा ऐकू येत नसे. मोठा आवाज मिळवण्याच्या खटपटीतून त्या आणि त्यांचे सहकारी स्कॉट लाइब्रँड स्वयंचलित प्रणालीपर्यंत पोहोचले, आणि २०१५ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. २०१६ मध्ये अमेरिकेत पहिल्या व्यावसायिक प्रणालीला परवानगी मिळाली. तिच्या वारंवारच्या सूचनांना कंटाळून बऱ्याच जणांनी स्वयंचलित पद्धत बंद केली; पुढच्या प्रणाली अधिक सुसह्य झाल्या. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये त्या सरकारी आरोग्यसेवेतून देण्याची शिफारस झाली. भारतात हा खर्च बहुतेकांना खिशातून करावा लागतो, आणि सेन्सर संपत आला की पुढचा परवडेल का, ही आणखी एक काळजी सोबत येते. या प्रणाली वापरणाऱ्यांना सर्वांत मोठा दिलासा वाटतो तो रात्रीच्या झोपेचा. बहुतेक प्रणालींत जेवणातल्या कर्बोदकांचा अंदाज मात्र अजून माणसालाच यंत्रात भरावा लागतो, आणि पंपाची नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते.