मलबार हिलच्या वाटा: महापालिकेला पादचारी कधी दिसला?

मुंबईच्या नकाशावर बॅक बेच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेलं एक खडकाळ टोक आहे. तीन बाजूंना पाणी, अगदी टोकाला राजभवन, मधोमध टेकडीचा कणा आणि उत्तरेच्या अंगाला पारशी समाजाची दाट झाडीची डुंगरवाडी. हे मलबार हिल. देशातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी ही एक. पायी फिरणाऱ्याला इथे जेवढी बंद फाटकं लागतात तेवढी मुंबईत दुसरीकडे क्वचितच लागतील. समुद्र जवळ असतो, पण तो कुणाच्या तरी गच्चीतून दिसणारा.

या टेकडीवर लोकांनी चालावं म्हणून महापालिकेनं काय काय केलं, याचा हिशेब मांडायला बसलं की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. इथल्या बहुतेक चांगल्या वाटा दुसऱ्याच कशासाठी तरी तयार झाल्या. कधी देवासाठी, कधी गव्हर्नरसाठी, कधी पाण्याच्या टाकीसाठी. केवळ चालण्यासाठी म्हणून बांधलेली इथली पहिली मोठी वाट उघडायला २०२५ साल उजाडावं लागलं.

सगळ्यात जुनी वाट यात्रेकरूंची. वाळकेश्वराला जाणारे लोक चौपाटीच्या बाजूनं टेकडी चढत. त्या चढणीचं नाव सिरी, म्हणजे शिडी, आणि आजचा सिरी रोड तिचाच वारस. वाळकेश्वराचं मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं, ते पोर्तुगीज आमदानीत पाडलं गेलं. १७१५ च्या सुमारास रामा कामती या धनिकानं देऊळ आणि बाणगंगेचा तलाव पुन्हा बांधून काढला. हाच रामा कामती पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपात सापडला आणि कंपनी सरकारच्या कैदेत मेला. टेकडीच्या टोकाशी श्रीगुंडी नावाची खडकातली फट होती. तिच्यातून पार झालं की पापं धुतली जातात अशी समजूत. शिवाजी महाराज आणि राघोबादादा त्या फटीतून गेल्याच्या कथा इंग्रजी गॅझेटियरनंही नोंदवल्या आहेत. कथा खरी असो वा नसो, त्या काळी टोकापर्यंत जायला कुणाचा पास लागत नव्हता एवढं तिच्यावरून नक्की कळतं.

मग साहेब आले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२० च्या दशकात मलबार पॉइंटवर बंगला बांधला. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तिथवर गाडीरस्ता झाला. १८८५ मध्ये गव्हर्नरांनी परळचं निवासस्थान सोडून कायमचा मुक्काम इथेच हलवला. त्याआधी परळला गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीनं मृत्यू झाला होता. साहेबामागून धनिकांचे बंगले आले, बंगल्यांमागून कुंपणं आली आणि टोक सामान्यांच्या पायाखालून गेलं. आज राजभवनात नोंदणी करून जाता येतं. २०१६ मध्ये तिथे जमिनीखाली सापडलेलं १३ खोल्यांचं भुयारी तळघर २०१९ पासून संग्रहालय म्हणून बघायला मिळतं. पण ही झाली भेट. मनात आलं म्हणून टोकापर्यंत चालत गेलो, असं करता येत नाही.

महापालिकेचा या टेकडीशी खरा संबंध पाण्यामुळे आला. १८६५ च्या कायद्यानं आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले, १८८८ च्या कायद्यानं आजच्या महापालिकेचा पाया घातला गेला, आणि या दोन सालांच्या मधली वर्षं शहराच्या नळाच्या पाण्यासाठी धडपडण्यात गेली. विहार तलावाचं पाणी त्याआधी, १८६० मध्येच, आलं होतं, तुळशीचं आलं १८७९ मध्ये. पाणी आलं तरी ते उंचावर साठवल्याशिवाय दक्षिण मुंबईच्या घराघरांत पोचणार कसं? म्हणून मलबार हिलच्या माथ्यावर जलाशय बांधला गेला. त्याच सुमारास, १८८१ मध्ये, या माथ्यावर बाग तयार झाली. शेजारच्या डुंगरवाडीतली गिधाडं पाण्यात काही टाकतील या भीतीनं जलाशय झाकावा लागला, अशी एक आख्यायिका मुंबईकर अजून सांगतात. ते काही असो, जलाशयाच्या छपरावर माती पसरून हिरवळ उगवली आणि शहराला फिरायला एक सपाट, मोकळी, समुद्राकडे तोंड केलेली जागा मिळाली. हँगिंग गार्डन ते हेच. १९२१ मध्ये तिची नव्यानं मांडणी झाली. झुडपं कातरून हत्ती-घोडे करण्याची तिथली हौस कित्येक पिढ्यांच्या अल्बममध्ये जाऊन बसली आहे.

बागेचं अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान. १८८८ च्या कायद्याच्या घडणीत मेहतांचा मोठा हात होता आणि तो कायदा आजही लागू आहे, तेव्हा नाव अगदी योग्य माणसाचं. फक्त तिथे पहाटे फेऱ्या मारणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना आपण शहराच्या पिण्याच्या पाण्यावरून चालतोय याचा पत्ता नसतो. पालिकेनं हे सांगणारा एखादा ठसठशीत फलक लावायला काय हरकत आहे?

रस्त्यापलीकडचं कमला नेहरू पार्क १९५२ चं. सोली आर्सीवाला यांनी केलेला म्हातारीचा बूट तिथे आहे. त्या बुटात शिरून वर चढून खिडकीतून आईला हाक मारली नाही असा जुना मुंबईकर विरळा. या पार्कातून मरीन ड्राइव्हची कमान दिसते. ती बघायला पर्यटकांच्या बसेस येतात आणि वीस मिनिटांत परत जातात. इथे आलेला माणूस टेकडीवर पायी चार पावलं टाकेल, याचा विचार त्यानंतरची कितीतरी वर्षं कुणी फारसा केला नाही.

पार्कवरून जाणाऱ्या रिज रोडचं आजचं नाव बाळ गंगाधर खेर मार्ग. मुंबई प्रांताचे पंतप्रधान आणि नंतर मुख्यमंत्री झालेले बाळासाहेब खेर हे रत्नागिरीचे. बुंदेलखंडातल्या मराठी वाचकांना हे नाव ओळखीचं वाटेल, कारण पेशव्यांच्या वतीनं तिकडचा कारभार पाहणारे गोविंदपंत बुंदेले हेही खेरच, रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे. एका खेरांनी समुद्रकाठ सोडून यमुनेकाठी मुलूख सांभाळला, दुसऱ्या खेरांचं नाव समुद्रावरच्या या टेकडीच्या कण्याला लागलं.

५ ऑगस्ट २०२० च्या रात्री हाच कणा खचला. कुलाबा वेधशाळेनं २४ तासांत ३३१.८ मिलिमीटर पाऊस नोंदवला. वाराही तुफान होता. खेर मार्गाखालची उतरण झाडांसकट सुटून खालच्या पाटकर मार्गावर, म्हणजे जुन्या ह्यूजेस रोडवर, आली. संरक्षक भिंत कोसळली आणि वरचा रस्ता वाहतुकीला बंद करावा लागला. मलबार हिल म्हणजे बंगल्यांनी आणि टॉवरांनी दाबून बसवलेली निर्जीव जमीन नाही, ती पाणी पिऊन फुगणारी आणि उतरणारी टेकडी आहे, हे त्या रात्री साऱ्या शहराला कळलं.

धडा पुरता गिरवून होतो न होतो तोच जलाशयाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आला. हँगिंग गार्डन काही वर्षं बंद ठेवायचं, ३८९ झाडांना हात लावायचा आणि नवा जलाशय बांधायचा. सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी खवळली. एरवी या मंडळींचा राजकारणाशी संबंध पेपर वाचण्यापुरता. पण त्यांनी सह्या जमवल्या, सुनावण्यांना हजेरी लावली, अभियंत्यांना उलटसुलट प्रश्न विचारले. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिनं जलाशयात उतरून पाहणी केली, आणि अखेर दुरुस्तीवर भागेल असं ठरून मूळ बेत बारगळला. पालिकेच्या या वाटचालीतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान हेच. ते पालिकेनं नव्हे, चालणाऱ्यांनी लिहिलं.

बाणगंगेचं नशीब तेवढं थोर नव्हतं. जून २०२४ मध्ये तलावातला गाळ उपसायला खोदकामाचं यंत्र थेट पायऱ्यांवरून खाली उतरवलं गेलं आणि जुन्या दगडी पायऱ्या फुटल्या. कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला. वारसा जपण्याच्याच प्रकल्पात वारशाची ही गत.

आणि मग ३० मार्च २०२५. कमला नेहरू पार्कच्या मागे, सिरी रोडच्या बाजूला, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी उन्नत वाट लोकांसाठी खुली झाली. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. कल्पना सिंगापूरच्या वृक्षमार्गावरून घेतलेली. लोखंडी खांबांवर लाकडी फळ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना कठडे. पाऊल पडलं की फळी किंचित पोकळ वाजते. खाली पाहिलं तर उतारावरची वाळकी पानं, दगड, मधूनच पळणारी खार. वर पाहायची फारशी गरज पडत नाही, कारण एरवी मान वर करून बघायचे ते शेंडे इथे खांद्याशी आलेले असतात. तांबटाची टुक्‌टुक् कुठून येते ते शोधत माणसं थबकतात आणि मागची रांग अडते. पुढे समुद्राकडे काढलेला एक सज्जा आहे, त्याच्या तळाला काच. तिथलं दृश्य बघण्यासारखं असतं, आणि मी समुद्राचं म्हणत नाही. कर्ती माणसं काचेच्या कडेकडेनं, कठडा धरून जातात. नातवंडं बरोबर मधोमध उड्या मारतात. आजी काचेवर पाय न ठेवताच ‘बघितलं, बघितलं’ म्हणून मागे फिरते.

वाट सुरेख झाली आहे, यात वाद नाही. झाडांना शक्यतो धक्का न लावता ती वळवली आहे. ज्यांनी मुंबईत कधी जंगल पाहिलं नाही त्यांना अर्धा तास तरी ते भेटतं. तक्रार आहे ती तिकिटाबद्दल. भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना १०० रुपये. न्यूझीलंडमधल्या बँक्स द्वीपकल्पावर काही शेतकरी कुटुंबांनी १९८९ मध्ये आपापल्या मेंढ्यांच्या कुरणांतून, समुद्राच्या कड्यांवरून अशीच एक पायवाट काढली. तेही पैसे घेतात. पण ती जमीन त्यांच्या मालकीची, वाट त्यांनीच राखलेली, आणि पैशांत रात्रीचा मुक्कामही आला. लोकांच्याच जमिनीवर लोकांच्याच करातून बांधलेल्या वाटेला रोज पहाटे येणाऱ्या म्हाताऱ्यानं तिकीट का काढावं, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. गर्दी आवरायला असेल तर ती वेळ ठरवून देऊनही आवरता येते.

त्याहून मोठा प्रश्न जोडणीचा आहे. सागरी किनारा मार्गालगतचा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांना मिळाला, सुरुवातीला सव्वापाच किलोमीटर. तो दक्षिणेला नेपियन सी रोडवरच्या प्रियदर्शिनी पार्कपाशी संपतो. इकडे मरीन ड्राइव्हचा कट्टा गिरगाव चौपाटीपाशी संपतो. दोहोंच्या मध्ये उभं आहे ते हेच मलबार हिल. मोटारींसाठी त्याच्या पोटातून दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढले, ते त्या दोन-तीन मिनिटांत पार करतात. पायी जाणाऱ्यानं मात्र नेपियन सी रोडचा चढ, मोटारींची गर्दी, तुटका फुटपाथ असं सगळं ओलांडून सिरी रोड शोधायचा, आणि तोही विचारत विचारत, कारण दिशा दाखवणारी धड पाटी नाही. वरळीपासून नरिमन पॉइंटपर्यंत समुद्राच्या संगतीनं चालत जाता येईल अशी वाट तयार व्हायला आता फार काही बांधावं लागणार नाही. प्रियदर्शिनी पार्कपासून वर माथ्यापर्यंत सलग फुटपाथ, सिरी रोडची डागडुजी, चार दिवे आणि दहा पाट्या, एवढं पुरे. बोगद्यांवर जो पैसा गेला त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही. पालिकेनं हे काम पुढच्या पावसाळ्याआधी हाती घ्यावं.

झाशी, गुरसराय, जालौन या बाजूच्या मराठी घरांतून मुंबईला पाहुणे येतात, त्यांच्या यादीत गेटवे, सिद्धिविनायक आणि मरीन ड्राइव्ह ठरलेले असतात. पंजाब मेलनं सकाळी उतरलात की दुसऱ्या दिवशी एक पहाट मलबार हिलला द्या. चर्नी रोड स्टेशनला उतरून चौपाटीवरून सिरी रोडनं वर चढा, उन्नत वाट पाहा, हँगिंग गार्डनमध्ये एक फेरी मारा आणि उतरताना बाणगंगेवर थांबा. गुडघे दुखत असतील तर बेस्टच्या बसनं थेट कमला नेहरू पार्कला जा आणि उलट्या क्रमानं खाली या. उन्नत वाट पहाटे ५ ते रात्री ९ उघडी असते आणि तिला तिकीट पडतं. सिरी रोडला पडत नाही.