आकडा कोणाला दिसावा?

१९४१ साली अमेरिकेत क्लिनिटेस्ट ही गोळी बाजारात आली आणि मधुमेही मुलाच्या घरात तपासणीची नवी रीत सुरू झाली. काचेच्या नळीत लघवीचे पाच थेंब, पाण्याचे दहा थेंब आणि वरून गोळी. गोळीतल्या कॉस्टिक सोड्याने मिश्रण आपोआप खदखदायचं, नळी हाताला चटका बसेल इतकी तापायची. उकळी थांबली की पंधरा सेकंदांनी रंग तक्त्याशी ताडून पाहायचा: निळा म्हणजे साखर नाही, नारिंगी म्हणजे भरपूर. पूर्वी लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात मिसळून दिव्यावर उकळावी लागे, त्यामानाने ही मोठीच सोय. पण तीच गोळी लहान मुलाने तोंडात टाकली तर अन्ननलिका भाजून निघे. शिवाय लघवी काही तासांपूर्वीची साखर सांगते, आणि साखर उतरली असेल तर काहीच सांगत नाही. इन्सुलिनवर असलेल्या मुलाला तातडीचा धोका नेमका तोच. रात्री झोपेत साखर खाली जाते आणि चार वर्षांच्या पोराला आपल्याला काय होतंय ते सांगता येत नाही. साखर मोजणाऱ्या यंत्रांचा इतिहास आपण अचूकतेचा इतिहास म्हणून वाचतो. माझ्या मते मुलांपुरता तो वेगळ्या प्रश्नाचा इतिहास आहे: मोजलेला आकडा कोणाला दिसतो?

रक्ताच्या थेंबावर चालणारी डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टी १९६५ची. तिचा रंग वाचणारं अँटोन क्लेमेन्स यांचं मीटर १९७०च्या सुमारास आलं. वजन किलोभराहून जास्त, किंमत पाचशे डॉलरच्या आसपास, आणि गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर. रिचर्ड बर्नस्टाइन या मधुमेही इंजिनिअरला ते घरी वापरता आलं, कारण त्यांची पत्नी डॉक्टर होती. १९८७पर्यंत मीटर पेनाएवढं झालं. मग १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं, की साखर काटेकोर राखली तर डोळे, मूत्रपिंडं आणि मज्जातंतू वाचतात. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग तिपटीने वाढतात. या चाचणीतला सर्वांत लहान रुग्ण १३ वर्षांचा होता. त्याहून लहान मुलांच्या आईबापांच्या वाट्याला काटेकोरपणाचा सल्ला आला, आणि वाढलेल्या धोक्यावर उपाय म्हणून मध्यरात्री उठून बोट टोचणं आलं.

त्वचेखालच्या सेन्सरने हे सुटायला हवं होतं. एन्झाइमच्या साहाय्याने साखरेचं विद्युतसंकेतात रूपांतर करण्याची कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२मध्येच मांडली होती. त्या तत्त्वावरचा, दिवसरात्र मोजत राहणारा सेन्सर १९९९मध्ये आला. पुढे पाच-पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसाला २८८ आकडे मिळू लागले. तरी २००८ साली ३२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत फायदा ठळक दिसला तो पंचविशीपुढच्यांना. ८ ते १४ वयोगटात आणि १५ ते २४ वयोगटात सरासरी साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आठवड्यातले किमान सहा दिवस सेन्सर वापरणारे मोठ्यांत ८३ टक्के होते, ८ ते १४च्या गटात ५० टक्के आणि मधल्या गटात अवघे ३० टक्के. यंत्र तेच, रसायन तेच. यावर कुणी म्हणेल, मुलं कंटाळतात, त्यांना गोडी लावा. तसा प्रयत्नही झाला. पॉल वेसल या बापाने आपला मुलगा मीटर हरवतो पण गेमबॉय कधीच हरवत नाही हे हेरलं आणि दोन्ही एकत्र जोडले. त्यातूनच पुढे बायरचं ‘डिजेट’ आलं: साखर तपासा, खेळात गुण मिळवा. निरीक्षण प्रेमाचं आणि नेमकं होतं. पण झोपलेल्या मुलाला गुणांचा काय उपयोग? आणि गोडी लागली तरी इन्सुलिनचा हिशेब चार वर्षांच्या मुलाने करायचा नसतोच; तो पालकांनी करायचा, तर आकडा त्यांना दिसायला हवा.

ही अडचण न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या इंजिनिअरने सोडवली. त्याच्या मुलाला २०१२मध्ये, चौथ्या वर्षी, टाइप १ मधुमेह झाला. मुलाच्या अंगावर सेन्सर होता, आकडे त्याच्यासोबतच्या रिसीव्हरवर उमटत होते, आणि मूल नजरेआड गेलं की आकडेही नजरेआड जात. कॉस्टिकने रिसीव्हर वायरने जोडून आकडे बाहेर काढले, इंटरनेटवर चढवले आणि कामावर बसून ते पाहू लागला. मे २०१३मध्ये त्याने हे ट्विटरवर जाहीर केलं. इतर पालक आणि प्रोग्रामर येऊन मिळाले आणि त्यातून ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं. यातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे तारखा. तो सेन्सर तेव्हा अमेरिकेत फक्त प्रौढांसाठी मंजूर होता. २ ते १७ वयाची मंजुरी फेब्रुवारी २०१४ची, आणि सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या, दुरून आकडे पाहण्याच्या सोयीला मंजुरी मिळाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात.

घरगुती जुगाडावर मुलाचा जीव सोपवायचा का, हा आक्षेप रास्त होता. पण ही व्यवस्था इन्सुलिनचा डोस बदलत नव्हती, फक्त आकडा वाचत होती. वायर निसटली तरी मुलाजवळचा रिसीव्हर पूर्वीसारखाच चालू राही. दुसरा आक्षेप पुराव्याचा. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ वर्षांखालच्या मुलांवरच्या चाचणीत साखर योग्य मर्यादेत राहण्याचा वेळ सेन्सरने वाढला नाही, हे खरं. पण साखर खाली गेलेला वेळ घटला, आणि या वयात आईबापांची झोप उडते ती त्याच वेळापायी. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: पंधरा वर्षांच्या मुलीचा प्रत्येक आकडा आईच्या फोनवर कशाला? घरातलं प्रत्येक बोलणं मग ‘किती आहे, काय खाल्लंस’ याच चौकशीने सुरू होतं, आणि वैतागून सेन्सर काढून ठेवण्याची वाट मुलांना ठाऊक असते. म्हणून आकडा कोणाला दिसावा याची सेटिंग वयासोबत सरकायला हवी. पाच वर्षांच्या मुलाचं सगळं पालकांना दिसावं. दहाव्या वर्षी शाळेच्या वेळात फक्त धोक्याचा इशारा जावा. पंधराव्या वर्षी रात्रीचा इशारा तेवढा पालकांकडे राहावा आणि बाकीची चावी मुलीच्या हाती.