फिशटँक, हिप्पो आणि पंचगंगा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरातला नवा फिशटँक. खाऱ्या पाण्याचा, प्रवाळवाला, लेकीच्या हट्टापायी! महिन्याभरात काचेवर तपकिरी साय धरली, मग खडकांना हिरवे केस फुटले. एका कोपऱ्यात एप्टेशिया नावाचं इवलंसं समुद्रफूल उगवलं. मी ते चिमट्याने उपटलं. पुढच्या आठवड्यात एकाच्या जागी चार! बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवं वाढतं, हे नंतर वाचलं.

चिमटा हातात धरून बसलो होतो, आणि एकदम पंचगंगा आठवली.

आम्ही मूळचे कुरुंदवाडचे. पंचगंगेवरचा पूल ओलांडला की नृसिंहवाडी. मागच्या उन्हाळ्यातल्या फेरीत पुलावरून खाली बघितलं तर पाणीच दिसेना. काठापासून काठापर्यंत जलपर्णी, वर जांभळे तुरे. लेक म्हणाली, "बाबा, किती छान फुलं!" काका नुसते हसले. संगमावर तिला बुडी मारायची होती, ती काही त्यांनी मारू दिली नाही.

गंमत म्हणजे ही वनस्पती जगभर पसरली ती "किती छान फुलं" म्हणूनच. मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी बागांतून, तळ्यांतून फिरली आणि शतक संपता संपता बंगालात पोचली. पुढच्या दोन-तीन दशकांत पूर्व बंगालचे कालवे आणि भातखाचरं तिने भरून टाकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले, म्हणजे शत्रूनेच सोडलेली! (योगायोग बघा, तिचं 'आयकॉर्निया' हे शास्त्रीय नाव खरोखरच एका प्रशियन मंत्र्यावरून पडलं होतं.)

अमेरिकेत तर कहरच. 1910 साली लुईझियानाचे खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी आफ्रिकेतून हिप्पो आणायचं विधेयक मांडलं. हिप्पो जलपर्णी खातील, आणि आपण हिप्पो खाऊ! ते मंजूर झालं नाही, हे नशीब.

बंगालात 1921 साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 1936 साली कायदा झाला : ज्याच्या जागेत जलपर्णी, त्यानेच ती नष्ट करायची. 1937च्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा होता. फजलुल हक प्रधानमंत्री झाले आणि 1939 साली 'जलपर्णी सप्ताह'सुद्धा पाळला गेला. जलपर्णी मात्र आजही आहेच. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं दम धरून राहतं.

1980च्या दशकात बंगळूरला दक्षिण अमेरिकेतले भुंगे आणले गेले. फक्त जलपर्णी खाणारे. तिथल्या काही तलावांत त्यांनी चांगलं काम केलं. पण तलाव वेगळा आणि आपली नदी वेगळी. दर पावसाळ्यात पूर आला की जलपर्णी वाहून जाते, आणि तिच्यावरचे भुंगेही तिच्याबरोबरच जाणार. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वार झालं की आपणही म्हणतो, चला, नदी स्वच्छ झाली. मग पावसाळा सरतो, कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे पडतात, पाणी थांबतं. त्यात शहरांचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कारखान्यांचं पाणी, उसाच्या रानातून उतरलेलं खत. उन्हाळ्याला पुन्हा गालिचा तयार! अनुकूल पाण्यात जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते.

आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर आपण दरवर्षी एरर मेसेज पुसतोय. बग तसाच आहे.

माझ्या टँकचंही तेच निघालं. नळाच्या पाण्यात नायट्रेट होतं, आणि लेक माशांना दिवसातून चार वेळा खाऊ घालत होती. आता गाळलेलं पाणी आणि एकदाच खाऊ. हिरवे केस कमी होतायत. एप्टेशियासाठी एक छोटी कोळंबी आणलीय, तिला ते आवडतं म्हणतात. बघू.

परवा फोनवर काकांना हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुझं बरं आहे रे. तुझ्या टँकला खाऊ घालणारी एकच पोर आहे. तिला दटावलं की झालं. इथं कुणाकुणाला दटावू?"

मला काही उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. पुढच्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन वाडीला जायचंय, आणि बुडीचं तिच्या अजून लक्षात आहे.