फकिरा: सरकारी कागदावरचा लुटारू, गावाचा नायक

‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघत मोठ्या झालेल्या पिढीला हात बरबटलेले नायक नवे नाहीत. शूर माणूस एक निर्णय घेतो आणि त्याची किंमत भलतेच लोक मोजतात, हे आपण सीझनमागून सीझन पाहिलंय. मराठीत हा पेच १९५९ सालीच छापून आला होता. कादंबरीचं नाव ‘फकिरा’, लेखक अण्णा भाऊ साठे.

अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावात, मातंग कुटुंबात जन्मले. शाळा जवळजवळ नाहीच. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली. मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. परळ-लालबागचा गिरणी कामगार हा त्यांचा हक्काचा प्रेक्षक. समोरच्या माणसाला पोट आणि इज्जत दोन्ही कळतात, हे धरूनच ते लिहायचे.

कादंबरीची सुरुवात एखाद्या फँटसीसारखी आहे. जोगणी ज्या गावाकडे, जत्रेचा मान त्या गावाचा. वाटेगावच्या मानासाठी राणोजी मांग शिगावची जोगणी पळवतो. शीव ओलांडली की पाठलाग थांबवायचा, हा नियम. तो मोडून राणोजीला मारलं जातं. फकिरा हा त्याचा मुलगा.

पुढे दुष्काळ येतो, साथ येते, मांगवाड्यात माणसं उपाशी मरू लागतात. फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो. मग थेट इंग्रजांचा खजिना लुटतो. इथून गोष्ट अवघड होते. फकिरा हाती लागत नाही म्हणून सरकार त्याच्या माणसांनाच, बायकापोरांसकट, डांबून ठेवतं. ज्यांच्यासाठी लूट केली, तेच त्या लुटीचे ओलीस होतात. त्यांना सोडवायला फकिरा स्वतः हजर होतो.

ही निव्वळ कल्पना नव्हती. फकिरा अण्णा भाऊंच्या आईकडचा नातलग. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. रोजची हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी. हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. म्हणजे ‘फकिरा’ आली तेव्हा तो शिक्का पुसून जेमतेम सात वर्षं झाली होती.

अण्णा भाऊंनी फकिराला धुऊन-पुसून साधू केलं नाही. तो लुटतो, हे ते लपवत नाहीत. धान्याची कोठारं भरलेली असताना माणसं का मरत होती, एवढंच ते विचारतात. डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेल्या या कादंबरीला १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला. ज्याच्या जमातीची सरकारने हजेरी घेतली, त्याच्या गोष्टीला सरकारनेच गौरवलं.

लेखक मात्र गरिबीतच राहिला आणि १९६९ साली गेला. पुढच्या वेळी ‘ग्रे’ नायक हवासा वाटला, तर आधी वाटेगावला जाऊन या.