न दिसणाऱ्या भयाचा पडदा

नारायण धारपांच्या कथा वाचून ज्यांनी रात्री परसात जायचे टाळले, त्यांना एच. पी. लव्हक्राफ्ट हे नाव नवे असले तरी त्याची भीती अगदीच परकी वाटणार नाही. आपले भूत सूड घेते, म्हणजे त्याचे माणसाशी काही नाते तरी असते. लव्हक्राफ्टच्या प्राचीन शक्तींना मात्र माणसाचे सोयरसुतकच नाही. अफाट विश्वात आपली दखल घेणारे कोणी नाही, हे त्याचे भय.

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे १८९० साली जन्मलेला हा लेखक १९३७ साली ओढगस्तीतच वारला. ‘विअर्ड टेल्स’सारख्या स्वस्त मासिकांत विखुरलेल्या त्याच्या कथा विस्मरणात जायच्या. पण ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री या दोघा चाहत्यांनी १९३९ साली ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि त्या ग्रंथरूपाने जपल्या.

पडद्यावरही असेच घडले. १९९५ साली अँड्र्यू मिग्लिओरे यांनी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात लव्हक्राफ्टच्या नावाने चित्रपट महोत्सव सुरू केला. पुढे तो तेथील जुन्या हॉलीवूड थिएटरात भरू लागला. पदरमोड करून चित्रपट काढणाऱ्या हौशी मंडळींना त्यामुळे हक्काचा पडदा आणि जाणता प्रेक्षक मिळाला.

या परंपरेतला २००५ सालचा ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ मला सर्वांत बोलका वाटतो, आणि तोही मूकपट असून! मूळ कथा १९२६ सालची. तेव्हा दिग्दर्शक अँड्र्यू लीमन आणि पटकथाकार शॉन ब्रॅनी यांनी चित्रपट त्याच काळात निघाल्यासारखा काढला: कृष्णधवल, जेमतेम ४७ मिनिटांचा. क्थुल्हू हा राक्षस म्हणजे एकेका चौकटीगणिक हलवलेली छोटी प्रतिकृती. ज्या नगरीचे कोनच चुकलेले आहेत असे लव्हक्राफ्ट सांगतो, ती वेड्यावाकड्या देखाव्यांतून उभी राहते. पैसा नसल्यामुळे जे दाखवता आले नाही, तेच प्रेक्षकाच्या मनात वाढत जाते.

याउलट २०११ साली गिलेर्मो देल तोरो यांचा ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ हा सुमारे १५ कोटी डॉलरचा बेत युनिव्हर्सल कंपनीने बासनात गुंडाळला. त्याच वर्षी ब्रॅनी यांचा ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’ मात्र पडद्यावर आला.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. लव्हक्राफ्टला परक्या वंशाच्या माणसांचा तिटकारा होता आणि तो त्याच्या कथांतही झिरपला आहे. याच कारणाने झालेल्या वादानंतर २०१५ साली जागतिक फँटसी पुरस्काराने त्याच्या मुखवट्याचे स्मृतिचिन्ह बंद करण्याचे ठरवले. दोन भाषांच्या शेजारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातला फरक चटकन कळावा. अथांग आकाशाची भीती माणसाला नम्र करते. शेजाऱ्याची भीती त्याला खुजे करते.

आपल्याकडेही धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभपट ठरला. मराठी भय भाषेची वेस ओलांडून इतके दूर गेले. मला वाटते, पहिली वाट मूठभर वाचकच पाडतात. दिवाळी अंक जपणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.