बूट सेक्टरची पुनर्स्थापना

बूट सेक्टरची पुनर्स्थापना म्हणजे बूट लोडर बसवताना बदललेला हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर पूर्ववत करणे होय. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही संचालन प्रणाली असतील आणि त्यांपैकी लिनक्स काढून टाकायची असेल, तर ही क्रिया आवश्यक ठरते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची, मराठीतही वापरता येणारी बॉस लिनक्स ही प्रणाली विंडोजच्या जोडीला बसवली असल्यास तिलाही हेच लागू होते.

रचना

मास्टर बूट रेकॉर्ड ही पद्धत १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर प्रचारात आली. तिच्यातील पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातील पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, पुढील ६४ बाइट चार विभाजनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी राखलेले असतात. विंडोज ४४१ ते ४४४ या बाइटांत डिस्कचा ओळख क्रमांक नोंदवते.

ग्रब हा बूट लोडर आपला केवळ आरंभीचा अंश या सेक्टरमध्ये लिहितो; उरलेला भाग सेक्टरमागच्या मोकळ्या जागेत व लिनक्सच्या विभाजनात असतो. त्यामुळे लिनक्सचे विभाजन आधी पुसल्यास ग्रब अर्धवट थांबतो आणि विंडोज शाबूत असूनही सुरू होत नाही. म्हणून बूट सेक्टर आधी पूर्ववत करावा व विभाजन नंतर काढावे.

पद्धती

लिलो हा जुना बूट लोडर मूळ सेक्टरची प्रत स्वतःच जपून ठेवतो. ग्रब अशी प्रत ठेवत नाही. ती लिनक्समधील डीडी या आज्ञेने आधीच काढून पेन ड्राइव्हवर ठेवावी लागते. प्रत नसल्यास विंडोजच्या दुरुस्ती डिस्कवरून विंडोज एक्सपीमध्ये फिक्सएमबीआर, तर व्हिस्टा व त्यानंतरच्या आवृत्त्यांत बूटरेक ही आज्ञा फिक्सएमबीआर या पर्यायासह वापरतात. तिच्यामुळे विंडोजचा प्रमाणित प्रोग्रॅम लिहिला जातो व विभाजनांचा तक्ता तसाच राहतो. मात्र संगणक उत्पादकाने किंवा कूटबद्धीकरणाच्या सॉफ्टवेअरने स्वतःचा खास प्रोग्रॅम तेथे ठेवलेला असल्यास तो या मार्गाने परत मिळत नाही.

दक्षता

प्रत काढल्यानंतर विभाजने बदलली असतील, तर संपूर्ण ५१२ बाइट परत लिहू नयेत. तसे केल्यास जुना तक्ता परत येतो आणि नव्या विभाजनांतील माहिती डिस्कवर असूनही सापडेनाशी होते. त्यानंतर डिस्कवर काही लिहिले गेल्यास ती कायमची नष्ट होऊ शकते. अशा वेळी केवळ पहिले ४४० बाइट परत लिहावेत. डीडी आज्ञा देताना उगम व लक्ष्य यांची अदलाबदल झाली नाही ना, हेही पाहावे. ही आज्ञा खात्रीसाठी पुन्हा विचारत नाही.

यूईएफआय संगणक

यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत बूट लोडर ही स्वतंत्र विभाजनातील एक फाइल असते. तेथे पहिला सेक्टर बदलावा लागत नाही. आरंभक्रमात विंडोजला पहिले स्थान दिले की पुरते.