उजनीची ओहोटी आणि हिवाळी मासेमारी

सोलापूर - जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही भरती-ओहोटीसारखा एक खेळ येथे दरवर्षी चालतो. भीमा नदीवरील उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय पावसाळ्यात भरतो आणि दिवाळीनंतर कालव्यांतून व नदीतून पाणी सोडणे सुरू झाले, की हळूहळू उतरू लागतो. समुद्राची ओहोटी काही तासांची, उजनीची मात्र कित्येक महिन्यांची. याच ओहोटीवर करमाळा, माढा व इंदापूर तालुक्यांतील काठावरच्या मच्छीमारांचा हिवाळी हंगाम उभा असतो.

उथळ काठ, विस्तीर्ण गाळ

1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे 117 टीएमसी आहे. त्यांपैकी सुमारे 63 टीएमसी साठा मृत, तर सुमारे 53 टीएमसी उपयुक्त मानला जातो. पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आणि उपयुक्त साठ्याची किमान पातळी 491.03 मीटर. म्हणजे सारा उपयुक्त साठा अवघ्या पावणेसहा मीटरच्या थरात सामावलेला आहे. भीमेचे खोरे सपाट असल्याने पाणी थोडे उतरले, तरी काठ दूरवर सरकतो आणि गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. तेथील किडे, शिंपले व शेवाळ यांवर भिगवण परिसरात रोहित, चक्रवाक आदी पक्षी जमतात. हे खाद्य माशांनाही त्याच उथळ पाण्याकडे खेचते.

थंडीचे गणित

माशांच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. थंडी वाढली, की त्यांची हालचाल व भूक मंदावते आणि ते खोल पाण्याकडे सरकतात. उन्हे वर आल्यावर उथळ पाणी लवकर तापते, तेव्हा ते पुन्हा काठाकडे येतात. हे येणे-जाणे ओळखूनच जाळी लावली जातात. सायंकाळी पाण्यात उभी सोडलेली जाळी पहाटे होडीतून उचलायची, हा नेहमीचा क्रम. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम यांच्याबरोबरच चिलापीचा वाटा मोठा असतो.

चिलापीची सरशी

मूळची आफ्रिकेतील चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते आणि वर्षात अनेकदा प्रजनन करते. कटला व रोहू यांना मात्र अंडी घालण्यासाठी पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. जलाशयाच्या साचलेल्या पाण्यात ते सहज साधत नाही. म्हणून त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते.

नेमकी हीच बोटुकली बारीक आसाच्या जाळ्यांत सापडते. पाणी आटत गेले, की मासे कमी जागेत दाटतात आणि वडापसारख्या ओढजाळ्यात लहान-मोठे सारेच येतात. आज किलोभर मिळणारी पिले वर्षभर वाढू दिली, तर त्यांचेच वजन कितीतरी पट भरते. पण घर रोजच्या विक्रीवर चालत असेल, तर एकट्याने जाळे आवरून भागत नाही; आपण सोडलेला मासा शेजारचा धरतो. म्हणून आसाचा नियम साऱ्या काठावर सारखा पाळला जाण्याला महत्त्व आहे. जलाशय सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरल्याने देखरेखही सोपी नाही.

वारा आणि पाणी

विस्तीर्ण पाण्यावर वारा सुटला, की लाटा उसळतात. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी मार्गावरील प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला होता. हिवाळ्यात असे वादळ क्वचितच येते. तरी धुके, थंड पाणी आणि अंगात जीवरक्षक जाकीट नसणे ही जोखीम राहतेच. शिवाय पुणे-पिंपरी परिसरातील सांडपाणी नद्यांवाटे याच जलाशयात येते. साठा घटतो तसे ते पातळ होण्यास पाणी कमी पडते आणि त्याचा पहिला फटका माशांना बसतो.

पुढील पावसाळ्यात जलाशय पुन्हा भरेल. त्या पाण्यात मोठा मासा किती असेल, हे मात्र या हिवाळ्यात जाळ्यातून सुटलेल्या पिलांवर ठरणार आहे.